बॉयलरवरचा बीम: तंतुजाळी आणि सिमेंट मॉर्टरने केलेल्या मजबुतीकरणाचे एक प्रकरण

एका दुमजली इमारतीत तळमजल्यावर बॉयलरची खोली आणि तिच्या डोक्यावर कार्यालय होते. कार्यालय दुसरीकडे हलवून त्या जागी कमरेइतक्या उंचीच्या कपाटांमध्ये जुनी कागदपत्रे ठेवायची ठरली आणि त्यामुळे मजल्यावरचा चल भार (माणसे-सामान यांचा बदलता भार) दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटनवरून ५ किलोन्यूटनवर जाणार होता. स्लॅब हा भार पेलू शकेल असे तपासणीत दिसले. प्रश्न होता तो स्लॅबखालच्या मधल्या बीमचा. त्याच्या तळाचे कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, दोन ठिकाणी सुटून खाली पडले होते आणि गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. भार वाढणार आणि बीमची ताकद मात्र घटलेली, अशा दुहेरी पेचात हे काम आमच्याकडे आले.

बीमची मापे साधी होती. गाळा (दोन आधारांमधले अंतर) ५ मीटर, रुंदी २५० मिमी, स्लॅबसह एकूण खोली ४५० मिमी, प्रभावी खोली (वरच्या कडेपासून तळाच्या सळयांपर्यंतची) ४०० मिमी आणि शेजारच्या बीमपर्यंतचे अंतर ३ मीटर. तळाला १६ मिमी व्यासाच्या चार सळया होत्या आणि ८ मिमीच्या रिंगा २०० मिमी अंतरावर होत्या. काँक्रीटची ताकद कोअर काढून तपासली तेव्हा ती २० मेगापास्कलच्या आसपास भरली, तर सळयांसाठी ४२० मेगापास्कल धरता येत होते. टोकांना थोडी सलगता असली तरी वरच्या सळयांची खात्री नसल्याने हिशेबात बीम दोन्ही टोकांना नुसता टेकलेला धरला.

आधी दुखणे काय आहे ते शोधावे लागले. हातोडीने बीमचा तळ ठोकत गेल्यावर भरीव काँक्रीटचा खणखणीत आवाज जिथे बसका आणि पोकळ व्हायचा तिथे खडूने खूण केली, आणि अशा खुणांनी गाळ्याच्या जवळजवळ निम्म्या लांबीचा तळ भरला. ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलीन (अल्कली असेल तिथे गुलाबी होणारे द्रावण) फवारल्यावर बाहेरचा सुमारे ३० मिमीचा पट्टा रंगहीन राहिला आणि त्याच्या आतले काँक्रीट गुलाबी झाले. कव्हर होते २५ मिमी. म्हणजे कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची अल्कली संपत जाणे) सळयांच्या पलीकडे पोचले होते आणि त्यांच्याभोवतीचे अल्कलीचे संरक्षण संपले होते. क्लोराइडचे प्रमाण नगण्य निघाले, ही त्यातल्या त्यात बरी बातमी, कारण क्लोराइडने गंजलेल्या सळयांवर नुसते नवे मॉर्टर चढवले की जुन्या-नव्याच्या सीमेवर गंज नव्याने सुरू होण्याची भीती असते. पण कार्बोनेशन झाले म्हणून गंज आपोआप चढत नाही, त्याला ओलही लागते. ही ओल वरच्या मजल्यावरच्या हात धुण्याच्या बेसिनखालून येत होती; तिथला एक सांधा कित्येक वर्षे झिरपत असावा. तो सांधा बदलून खालचा भाग कोरडा झाल्याची खात्री होईपर्यंत पुढचे काहीही करायचे नाही, असे आम्ही लेखी कळवले. या आग्रहाचे दुसरे कारण पुढे येईल.

सळया घासून स्वच्छ केल्यावर व्हर्नियरने मोजल्या तेव्हा व्यास १५.१ ते १५.३ मिमीच्या दरम्यान भरला. कानाला हा फरक क्षुल्लक वाटतो, पण क्षेत्रफळात तो दहा टक्के होतो: ८०४ चौरस मिमी पोलादाचे ७२४ उरले होते. रिंगांचे कोपरे अधिक गंजले होते, कारण कव्हर सगळ्यात कमी असते ते तिथेच.

हिशेब काय सांगत होता

स्थिर भार, म्हणजे बांधकामाचे स्वतःचे वजन, दर मीटरला सुमारे १४ किलोन्यूटन, जुना चल भार ९ आणि नवा १५. स्थिर भाराला १.२ आणि चल भाराला १.६ गुणक लावल्यावर मध्यभागी लागणारी बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) पूर्वी ९८ किलोन्यूटन-मीटर होती, ती आता १२८ होणार होती. गंजलेल्या बीमची संकल्पन क्षमता, म्हणजे ०.९ हा सुरक्षेचा गुणक लावल्यानंतरची क्षमता, १०७ निघाली. याचा अर्थ जुन्या वापरासाठी हा बीम आहे तसाही उभा राहिला असता. नव्या वापरासाठी मात्र २१ किलोन्यूटन-मीटरची तूट होती. शिअरमध्ये, म्हणजे बीम आडवा कापला जाण्याच्या तपासणीत, रिंगांचे क्षेत्रफळ पाव कमी धरूनही क्षमता गरजेपेक्षा जास्त होती, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

इतकी तूट भरून काढायला अनेक मार्ग असतात. सळया टाकून काँक्रीटचे जॅकेट करता आले असते, पण त्याने बीमची उंची शंभर मिमीच्या आसपास वाढते आणि इथे बॉयलरचे पाइप तळापासून जेमतेम ९० मिमी खाली होते. एपॉक्सीने चिकटवायची कार्बन पट्टी हा बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येणारा पर्याय, आणि एरवी मीही तोच सुचवला असता. पण छताजवळ तापमापी लावून ठेवल्यावर बॉयलर चालू असताना तिथे ५५ अंश सेल्सिअसपर्यंत पारा जात असल्याचे दिसले. बांधकामावर वापरल्या जाणाऱ्या एपॉक्सीचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्यापुढे ते कडकपणा सोडून रबरासारखे मऊ होऊ लागते ते तापमान, साधारण ६० ते ८२ अंशांच्या दरम्यान असते, आणि अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची मार्गदर्शिका नेहमीच्या वापरातले तापमान त्याच्या १५ अंश खालीच ठेवायला सांगते. म्हणजे या खोलीत पट्टीची नव्हे, तर तिला धरून ठेवणाऱ्या गोंदाचीच हमी नव्हती.

म्हणून एपॉक्सीच्या जागी सिमेंट मॉर्टर घेणाऱ्या पद्धतीकडे वळलो. हिला एफआरसीएम (फॅब्रिक-रीइन्फोर्स्ड सिमेंटिशियस मॅट्रिक्स) म्हणतात आणि युरोपातल्या लिखाणात टीआरएम (टेक्स्टाइल-रीइन्फोर्स्ड मॉर्टर). ग्रीसमधल्या पात्रास विद्यापीठात त्रियांताफिलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या दशकात या पद्धतीवर पायाभूत काम केले आणि २०१३ मध्ये अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटने ५४९.४आर ही संकल्पनाची मार्गदर्शिका काढली. कल्पना समजायला सोपी आहे. कापडासारखी घट्ट वीण न घेता डोळ्यांची उघडी जाळी घ्यायची, कारण मॉर्टरचे कण एपॉक्सीसारखे धाग्यांच्या आत शिरू शकत नाहीत. ते जाळीच्या डोळ्यांतून आरपार जातात आणि तिथेच तिला पकडतात. प्रत्येक दोरा शेकडो बारीक तंतूंचा बनलेला असतो आणि मॉर्टरला त्यातले बाहेरचेच तंतू नीट भिडतात. आतले तंतू एकमेकांवर घसरतात. त्यामुळे एफआरसीएमची ताकद तंतूंच्या ताकदीवरून ठरवणे ही चूक आहे. कागदावर पाच हजार मेगापास्कलहून अधिक ताण घेणारा तंतू मॉर्टरमध्ये बसला की तुटण्याआधी घसरतो, आणि हिशेबात धरायची ती या घसरण्यापर्यंतची ताकद.

आमच्यापुढे दोन जाळ्या होत्या. कार्बनच्या नेहमीच्या जाळीची समतुल्य जाडी ०.०४७ मिमी, म्हणजे २५० मिमी रुंदीला एका थरात बारा चौरस मिमीपेक्षाही कमी कार्बन. मॉर्टरसह तडे गेल्यानंतरचा तिचा लवचिकता गुणांक (ताठपणा सांगणारा आकडा) ८० गिगापास्कलच्या घरात येतो आणि तिच्याकडून थरामागे आठेक किलोन्यूटन ओढ मिळते. आम्हाला हवी होती पन्नासहून अधिक. सहा-सात थर एकावर एक चढवणे हे काम नव्हे, हट्ट झाला असता. दुसरी जाळी पीबीओ या कृत्रिम तंतूची. तिची जाडी ०.०४५५ मिमी, मॉर्टरसह गुणांक १२८ गिगापास्कल आणि मार्गदर्शिकेने बेंडिंगसाठी घातलेली स्ट्रेनची (मूळ लांबीच्या प्रमाणात होणाऱ्या वाढीची) कमाल मर्यादा ०.०१२. यावरून थराचा ताण सुमारे १५३६ मेगापास्कल आणि ओढ १७.५ किलोन्यूटन येते.

पीबीओ निवडताना मात्र एक गोष्ट मनात खटकत होती. हा तंतू उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की कमजोर होतो, आणि प्रकाशातल्या अतिनील किरणांनीही. पीबीओच्या गोळीरोधक जॅकेटांमध्ये हा दोष दिसून आल्यावर २००५ मध्ये अमेरिकेत त्यांची मान्यता काढून घेण्यात आली होती. मॉर्टरच्या आत प्रकाश पोचत नाही, म्हणून त्याची काळजी नव्हती. पण गरम खोलीत वरून पाणी झिरपत राहिले असते तर नेमकी तीच वाईट जोडी जमली असती. बेसिनचा सांधा आधी बदलण्याचा आग्रह या कारणासाठीही होता.

तंतुयुक्त लवचिक काँक्रीटचाही विचार झाला. मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली यांनी १९९० च्या दशकात पुढे आणलेल्या ईसीसी या मिश्रणात घनफळाच्या सुमारे दोन टक्के आखूड तंतू असतात आणि ते ओढीत तीन ते पाच टक्के लांबू शकते; त्याला एक मोठी भेग पडण्याऐवजी असंख्य बारीक तडे जातात. पण ३० मिमी जाडीचा थर बीमच्या तळाला दिला आणि त्याच्याकडून ४ मेगापास्कल ओढ धरली तरी ती ३० किलोन्यूटनच भरते. त्यात सळया घालाव्या लागल्या असत्या, म्हणजे पुन्हा जाडी आणि पुन्हा तेच पाइप.

तीन थर की चार

पीबीओचे तीन थर हिशेबात क्षमता १२७.५ पर्यंत नेत होते आणि लागत होते १२८. अर्ध्या टक्क्याचा फरक पाहून एखादा म्हणेल की गृहीतकांत एवढे इकडेतिकडे होणारच. खरे आहे, पण ते उलट्या दिशेनेही होते. चौथा थर घेतला तर क्षमता १३४ च्या पुढे जात होती, म्हणजे गंजलेल्या बीमच्या तुलनेत सुमारे २६ टक्के वाढ, आणि मार्गदर्शिकेची ५० टक्क्यांची मर्यादा अजून बरीच दूर होती. चौथ्या थराला विरोध होता तो वेगळ्या कारणाने. थर एक-दोन असतील तेव्हा जाळी मॉर्टरमध्ये हळूहळू घसरते आणि बीम पुरेशी सूचना देतो. थर वाढले की सगळी पट्टीच सुटून येण्याकडे कल वाढतो, आणि ते तुलनेने अचानक होते. यावर उपाय म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना त्याच जाळीचे इंग्रजी यू आकाराचे पट्टे बाजूंवर चढवून तिला बांधून घेतले, आणि चार थर पक्के केले.

खरी अडचण निराळ्याच तपासणीत निघाली. रोजच्या वापरातल्या, गुणक न लावलेल्या भाराखाली मध्यभागी ९१ किलोन्यूटन-मीटर मोमेंट येत होती आणि गंजलेल्या सळयांमध्ये ३२९ मेगापास्कल ताण निघत होता. मर्यादा सळयांच्या ताकदीच्या ८० टक्के, म्हणजे ३३६. इथे चार थर किती हातभार लावतात हे पाहिले तर उत्तर निराश करणारे होते. काँक्रीटच्या हिशेबात रूपांतर केल्यास सळयांचे क्षेत्रफळ ६८८० चौरस मिमी आणि चार थरांचे २७७. जाळीचा वाटा जेमतेम चार टक्के, आणि तोही ती बसवल्यानंतर येणाऱ्या भारापुरता. एफआरसीएमने बीम ताठ होत नाही. ही जाळी सळया शरण गेल्यानंतर, मोठ्या स्ट्रेनवर, कामाला लागते. रोजच्या भारात ती जवळजवळ स्वस्थ असते. त्यामुळे कपाटांची उंची वाढवून चल भार ६ किलोन्यूटनवर नेता येईल का, असे विचारले गेले तेव्हा नाही म्हणावे लागले, कारण जाळीचे आणखी कितीही थर दिले असते तरी सळयांमधला ताण मर्यादेबाहेर गेला असता.

उरली एक सावधगिरीची तपासणी. आगीत किंवा अपघातात जाळी पूर्ण निकामी झाली तर जुना बीम स्वतःच्या बळावर उभा राहिला पाहिजे. त्यासाठी स्थिर भाराच्या १.१ पट आणि नव्या चल भाराच्या ०.७५ पट धरल्यावर ८४ किलोन्यूटन-मीटर लागत होते आणि १०७ उपलब्ध होते.

प्रत्यक्ष काम

आधी बीमखाली टेकू देऊन जॅकने थोडा भार उचलून घेतला. सुटलेले काँक्रीट फोडताना सळईच्या मागेही बोट जाईल इतकी जागा केली, कारण अर्धीच सळई नव्या मॉर्टरमध्ये बसली तर गंजाला कोपरा उरतो. सळया घासून, दुरुस्तीचे मॉर्टर भरून तळ सरळ केला, तो पिकू दिला आणि मग सगळा पृष्ठभाग खडी दिसेपर्यंत खरवडला. पट्टे जिथे वळणार होते तिथले कोपरे २० मिमी त्रिज्येने गोल केले.

जाळी बसवण्याची रीत गिलाव्यासारखी वाटते आणि तिथेच फसगत होते. पृष्ठभाग आतून ओला पण वरून कोरडा हवा. त्यावर चार-पाच मिमी मॉर्टर, त्यावर जाळी, आणि थापीने ती इतकी दाबायची की प्रत्येक डोळ्यातून मॉर्टर वर आले पाहिजे. लगेच पुढचा थर, खालचा ओला असतानाच.

पहिल्या दिवशी आम्ही बॉयलर बंद ठेवायला लावला होता, पण आदल्या रात्री तो चालू होता आणि छताला ऊब धरून राहिली होती. सकाळी भिजवलेला पृष्ठभाग दहा मिनिटांत पांढुरका पडला. ते माझ्या लक्षात यायला हवे होते. आले नाही, कारण मी त्या वेळी दुसऱ्या टोकाला कोपऱ्यांची त्रिज्या तपासत होतो. आठ दिवसांनी ठोकून पाहिल्यावर एका टोकाचा सव्वा मीटरचा तुकडा पोकळ वाजला. तिथे धातूची चकती चिकटवून ती ओढून काढायची पुल-ऑफ चाचणी घेतली तर ती ०.४ मेगापास्कललाच निघाली, आणि चकतीच्या मागे पहिल्या थराच्या मॉर्टरची अख्खी वडी आली. तिची पाठ गुळगुळीत होती. जुन्या काँक्रीटचा एक कणही तिला लागला नव्हता. भरीव भागातली चकती मात्र १.५ मेगापास्कलला सुटली आणि ती जाळीच्या पातळीत, मागे दोऱ्यांचा चौकडीचा ठसा उमटवून. एफआरसीएममध्ये जाळीची पातळी हीच दुबळी असते, म्हणून असे सुटणे अपेक्षितच. ज्या उष्णतेसाठी एपॉक्सी टाळले तिनेच मॉर्टरचे पाणी शोषून घेतले होते.

पोकळ तुकडा काढून टाकला. नव्या जाळीचा सांधा मध्यापासून दूर, ३०० मिमी एकावर एक घेऊन केला. या वेळी बॉयलर दोन दिवस आधीपासून बंद होता, पृष्ठभाग रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवला होता आणि नंतर सात दिवस तसाच ओला राखला. या तुकड्यावरची चकती १.६ मेगापास्कलला सुटली.

मोजमाप आणि नंतरचे सहा महिने

काम सुरू करण्यापूर्वी, बीमच्या तळापासून १० मिमी अंतर ठेवून सुरक्षेचे टेकू लावून, दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन इतक्या वाळूच्या पिशव्या चढवून वाक मोजला होता: २.४ मिमी. काम झाल्यावर तितक्याच पिशव्यांखाली तो २.२ मिमी आला. मालकांच्या प्रतिनिधीला हा आकडा पाहून फसवणूक झाल्यासारखे वाटले. त्यांना सळयांच्या आणि जाळीच्या क्षेत्रफळांचा हिशेब पुन्हा दाखवावा लागला, आणि वाक जास्त कमी झाला असता तर मलाच चाचणीवर शंका आली असती हेही सांगितले. पिशव्या उतरवल्यावर बीम जवळजवळ पूर्ण परत आला. खोलीच्या दारावर चल भाराची ५ किलोन्यूटनची मर्यादा रंगवली.

सहा महिन्यांनी पाहणीला गेलो तेव्हा कपाटे भरली होती. मध्यभागी पाच-सहा बारीक तडे होते, भिंगातून मोजल्यावर ०.१ मिमीच्या आतले, आणि ठोकल्यावर सगळा तळ भरीव वाजला. एक गोष्ट मात्र नवी होती. बॉयलरचा वाढीव पाइप टांगण्यासाठी कोणीतरी बीमच्या तळाला, बरोबर मध्याजवळ, १२ मिमीचे भोक पाडून बोल्ट ठोकला होता. जाळीतले मुख्य दोरे १० मिमी अंतरावर होते, म्हणजे २५० मिमी रुंदीत पंचवीस. भोकाने प्रत्येक थरातले वाईटात वाईट दोन दोरे तोडले असे धरले, तर जाळीचा आठ टक्के वाटा गेला आणि बीमची क्षमता १३४ वरून १३२ वर आली. १२८ पेक्षा ती अजून जास्त होती. तीनच थर असते तर ती १२६ वर आली असती. पाइपाचा टांगणा भिंतीवर हलवायला सांगितला, भोक मॉर्टरने बुजवले आणि बीमच्या दोन्ही बाजूंवर लाल रंगात लिहून घेतले की याच्या तळाला ड्रिल लावू नये.